पानाबाहेर जाणारी नजर

१

आवडाबाई भोईर देव्हाऱ्यासमोर पडलेल्या सापडल्या, तेव्हा शेजारच्या अंगणात हळदीत वाजवणाऱ्या बँजो पार्टीची तालीम चालू होती. त्यामुळे त्यांची नातसून अक्षदा ओरडली ते बराच वेळ कुणाला कळलंच नाही. भर दुपारची वेळ. बाळकुमच्या टॉवरांच्या बेचक्यात उरलेलं भोईरांचं बैठं घर, पुढचं दार नेहमीसारखं सताड उघडं. म्हातारीच्या डोक्याला खोक पडलेली, शुद्ध हरपलेली, आणि एका हाताची मूठ शेजारच्या लोखंडी पेटीच्या कडीवर अशी आवळलेली, की ती सोडवायला दोघांना जोर लावावा लागला.

देव्हाऱ्याच्या दोन अंगांना अगदी एकसारख्या दोन पेट्या होत्या. डावीकडच्या पेटीचं कुलूप फोडलं होतं. आतल्या गोधड्या आणि लुगडी जमिनीवर होती, पण नुसती फेकलेली नव्हती. एकेक गोधडी ब्लेडने शिवणीशिवणीला उसवलेली होती. उजवीकडच्या पेटीच्या, म्हणजे आवडाबाईंनी धरलेल्या पेटीच्या कुलपाला मात्र साधा ओरखडाही नव्हता. घरातलं काहीच गेलं नव्हतं. म्हातारीच्या गळ्यातलं सोनंसुद्धा जागच्या जागी होतं.

चोरी नाही म्हटल्यावर पोलिसांची नजर घरातल्या माणसावर गेली. नातू हर्षित आणि आजी यांच्यात घर बिल्डरला द्यायचं की नाही यावरून आठ महिने वाजत होतं, ते अख्ख्या आळीला माहीत होतं. त्या दुपारी आपण कोलशेतला एकटेच खाडीवर बसलो होतो, असं हर्षितने सांगितलं. एकटा होता, म्हणजे साक्षीदार नाही. दुसऱ्या दिवशी त्याला ताब्यात घेतलं.

ही बातमी डोंबिवलीत वल्लरी दामलेला कळली, तेव्हा तिच्या टेबलावर आवडाबाईंचाच चेहरा होता. 'सूरपान' या संगीताच्या द्वैमासिकाची पानं ती लावायची आणि कॉलेजात तोच विषय शिकवायची. नव्या अंकाच्या मधल्या जोडपानावर आवडाबाई होत्या. आगरी लग्नांत विधींबरोबर धवले, म्हणजे पारंपरिक लग्नगीतं, गाणारी बाई म्हणजे धवलारीण, आणि ठाण्यातल्या जुन्या धवलारणींपैकी ही शेवटची, असा लेख होता. त्या जोडपानासाठी वल्लरीने फार जीव टाकला होता. आवडाबाई पेटी उघडून बसल्यात, पेटीत जुन्या कॅसेटी, आणि नजर एका बाजूला लागलेली. आधी तिने फोटो डाव्या पानावर घेतला होता, पण तिथे बाईंची नजर पानाबाहेर जायला लागली. बघणाऱ्याचे डोळे त्या नजरेमागे जातात आणि लेख राहतो बाजूला. म्हणून तिने फोटो आरशासारखा उलटवला. परवानगीसाठी हर्षितला पाठवला, तर त्याचा लगेच निरोप आला: "मॅडम, आजीची नथ उजवीकडे कशी गेली?" वल्लरीला शरम वाटली. मग तिने फोटो सरळ केला आणि उजव्या पानावर नेला. आता नथही जागेवर आणि नजरही पानाच्या आत.

अंक छापून झाला त्याच दिवशी दुपारी आवडाबाईंवर हा प्रसंग आला. त्या संध्याकाळी वल्लरीच्या फोनवर निरोपांचा ढीग होता. छापखान्याचा, संपादकांचा, लेख लिहिणाऱ्या प्रीतीचा एका शब्दाच्या दुरुस्तीबद्दल. 'छापून झालं गं आता' एवढंच उत्तर तिने प्रीतीला टाकलं होतं.

"वल्लरी, चल माझ्याबरोबर बाळकुमला," संपादक सहदेव मोहिले म्हणाले. सत्तरी ओलांडलेले, बोलणं पुस्तकी आणि स्वच्छ. "त्या घरच्या हळदीला मी जेवलो आहे. तो मुलगा असं काही करणं शक्य नाही."

२

अक्षदाने त्यांना आत घेतलं, पण पाणी देताना तिने डोळे वर केले नाहीत.

"तुमचे लोक फोटो काढून गेले आणि हे झालं," ती म्हणाली. "मी कोणाला दोष देत नाही. पण आठ महिने घरात वादावादी होती, तेव्हा काही झालं नाही ना."

वल्लरी देव्हाऱ्यासमोर उभी राहिली. उजवीकडची पेटी आपण छापलेल्या फोटोतलीच आहे, हे तिने पहिल्या नजरेत ओळखलं. अक्षदाने ती उघडून दाखवली. कॅसेटी नीट रचून ठेवल्या होत्या.

"आणि या दुसऱ्या पेटीत कधी काही मोलाचं होतं?"

"गोधड्या. आजीच्या आईने शिवलेल्या. त्याला कोण काय देणार?"

"मग उसवल्या का?"

"पोलीस म्हणतात, हर्षित जमिनीचे कागद शोधत होता. अहो, पण या घरात तो जन्मला. चाव्या कुठल्या खिळ्याला असतात ते त्याला माहीत. तो कुलूप फोडेल?"

"फोडलं तर चोरासारखं दिसतं म्हणून फोडलं, असं ते म्हणणार," सहदेव हळूच म्हणाले.

शेजारची रखमाबाई दाराशी येऊन टेकली होती. तिच्या ओट्यावरून भोईरांचं दार सरळ दिसायचं. पोलिसांना जे सांगितलं तेच तिने पुन्हा सांगितलं. "माना साहेबांनी इचारला, कोन बाप्या आयलेला का. मी बोलली, नाय. बाप्या कोन पन आयला नाय. मी तांदूळ निवडीत तिथंच बसलेली."

"हर्षित?"

"त्यो पन नाय. पन त्यो मागल्या दारानं येतं, ता माना कसा दिसल?"

वल्लरी पुन्हा त्या गोधड्यांकडे वळली. इतक्या शिवणी उसवायला वेळ लागला असणार. तेवढ्या वेळात दुसरी पेटी सहज फोडून झाली असती. पण या माणसाने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. जे हवंय ते याच पेटीत आहे अशी त्याची खात्री होती. सापडलं नाही तेव्हा, पेटी चुकली असेल असं त्याला वाटलं नाही. गोधडीत शिवून ठेवलं असेल, असं वाटलं.

"अक्षदा, आजींच्या कुठल्या वस्तूबद्दल कोणी विचारत होतं का? घराबद्दल नाही, वस्तूबद्दल."

अक्षदाने जरा विचार केला. "ते गाणं आहे ना, सध्या सगळ्या हळदींना वाजतं, त्या देवेशचं? ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आजी चिडलेली. म्हणे हा माझ्या आयेचा धवला, याने आपल्या नावाने लावलाय. माझ्याकडे आयेच्या आवाजात कॅसेट आहे. ज्याला त्याला सांगायची. फोटोवाल्याला सांगितलं, भाजीवाल्याला सांगितलं."

कॅसेट एका हाताच्या अंतरावर, दुसऱ्या पेटीत पडून होती. आणि चोर गोधड्या उसवत बसला होता.

निघताना अक्षदा जरा मऊ झाली. "हॉस्पिटलात डॉक्टर म्हणतात वाट बघा. हर्षितसाठी मला वकिलाकडे पळावं लागतं. बरं तर बरं, तुमच्या प्रीती मॅडम रोज येऊन आजीजवळ बसतात. सारख्या विचारतात, काही बोलल्या का, डोळे उघडले का. सख्खं माणूस एवढं करत नाही."

"प्रीती तशीच आहे," वल्लरी म्हणाली. प्रीती राणे तिची जुनी विद्यार्थिनी. ते ऐकून तिला बरंच वाटलं.

३

फोटोग्राफर संदेश घाग कल्याणला राहायचा. वल्लरीने विचारल्यावर तो आधी दुखावला, मग हसला.

"ताई, मी गेलेलो तेव्हा आजी चहा करायला आत गेलेल्या. मी, उघडी पेटी आणि सगळ्या कॅसेटी. त्या कॅसेटवर काय आहे ते पण त्यांनीच सांगितलेलं. मला पाहिजे असती तर तेव्हाच खिशात टाकून आलो असतो. परत जाऊन कुलूप कशाला फोडू?"

"आणि ती पेटी कुठल्या बाजूला होती?"

"देव्हाऱ्याच्या उजवीकडे. लाइट डावीकडून येत होता. का?"

"काही नाही."

फोटो फक्त संदेशकडे होते, तिच्याकडे होते, आणि ज्यांना तिने पानं पाठवली त्यांच्याकडे. अंक अजून गठ्ठ्यांत बांधलेला होता. पण हे तिच्या मनात तेव्हा स्वच्छ आलं नाही. तिच्या डोक्यात देवेश होता. कॅसेट नाहीशी झाली तर ज्याचा फायदा, तो माणूस.

देवेशचा स्टुडिओ घोडबंदर रोडला, एका उंच सोसायटीच्या एकोणिसाव्या मजल्यावर. तो तिशीच्या आतला, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, बोलताना सतत फोन उलटासुलटा करणारा. चोरीचं नाव काढताच त्याने फोन खाली ठेवला.

"मॅडम, मी बाळकुमला कोणाच्या घरी कधी गेलेलो नाही. ती आजी कुठे राहते ते पण मला न्यूजमधून कळलं. आणि खरं सांगू? मला त्या कॅसेटची भीती नाही."

"का नाही? गाणं तुमच्या नावावर आहे."

"संगीत माझं. म्हणजे बीट, अरेंजमेंट. चाल आणि शब्द मला एका व्यक्तीने आणून दिले. माझे स्वतःचे आहेत म्हणून. आता पिक्चरमध्ये तेच गाणं येतंय, त्यात त्या व्यक्तीचं नाव गीतकार म्हणून झळकणार आहे. पहिलंच नाव. उद्या ते पारंपरिक निघालं तर मी सॉरी म्हणून मोकळा होईन. माझी दहा गाणी आहेत. त्या व्यक्तीचं हे एकच आहे."

"कोण आहे ती व्यक्ती?"

"पिक्चरवाल्यांनी तोंड बंद ठेवायला सांगितलंय." त्याने फोन पुन्हा हातात घेतला. "लिहिणारी व्यक्ती आहे, एवढंच सांगतो. म्हणजे धंदाच लिहिण्याचा."

वल्लरी खाली आली. घोडबंदरच्या तुंबलेल्या रस्त्यावर रिक्षात बसून ती त्या 'धंदाच लिहिण्याचा'वर विचार करत राहिली. संध्याकाळी अक्षदाचा फोन आला. हर्षितला आणखी कोठडी मिळाली होती. आवडाबाईंनी डोळे उघडले नव्हते.

४

दुसऱ्या दिवशी कॉलेजात जोडपानाच्या विश्लेषणाचा तास होता. उदाहरण म्हणून तिने आठवड्यापूर्वीच 'सूरपान'चं ते जोडपान ठरवलं होतं. आता बदलायला वेळ नव्हता. तिने पडद्यावर पान टाकलं आणि आवडाबाई पूर्ण भिंतभर उमटल्या.

"वाचक पानात कुठून शिरतो?" तिने सुरुवात केली. "आधी फोटो. कारण तो सगळ्यात मोठा, आणि त्यात माणसाचा चेहरा आहे. चेहऱ्यातून डोळे. डोळे डावीकडे बघतायत, म्हणून आपण डावीकडे जातो. तिथे मथळा ठेवलाय. मथळ्याखाली मोकळी जागा मुद्दाम सोडलीय, श्वास घ्यायला. आणि तिथून पहिला परिच्छेद. म्हणजे फोटो आणि परिच्छेद एकाच दमात वाचले जातात. त्यामुळे दोघांनी एकच गोष्ट सांगायला हवी. बघा, हा परिच्छेद."

तिने मोठ्याने वाचायला घेतलं. "'देव्हाऱ्यासमोर बसलं की डाव्या हाताला ती लोखंडी पेटी. आवडाबाई तिचं झाकण असं उचलतात, जसं एखादं झोपलेलं मूल...'"

ती थांबली.

पडद्यावर पेटी उजव्या हाताला होती.

वर्गातल्या कुणीतरी विचारलं, "मॅडम, डावा की उजवा?" पण तिला ते लांबून ऐकू आल्यासारखं झालं. हा परिच्छेद कसा आला ते तिला आता लख्ख आठवलं. पहिल्या जुळणीत मजकूर काही ओळींनी कमी पडत होता. तिने पान प्रीतीला पाठवून सांगितलं होतं, खोलीचं थोडं वर्णन घाल, तू बसून आलीयेस ना तिथे. त्या पानावरचा फोटो उलटा होता. नथेचा घोळ कळल्यावर फोटो सरळ झाला, पान बदललं, पण मजकूर तसाच उचलून नव्या जागी बसवला गेला. नवं पान फक्त सहदेवांनी पाहिलं होतं.

प्रीती त्या खोलीत बसलीच नव्हती. तिने मुलाखत फोनवर घेतली असणार आणि खोली उलट्या फोटोवरून लिहिली. फोटो इतका जवळून काढलेला, की त्यात देव्हारा आणि एकच पेटी, बाकी काही नाही. त्या फोटोवर विसंबून जो कोणी त्या खोलीत जाईल, तो डावीकडचीच पेटी फोडेल. आणि आतली गोधडीन् गोधडी उसवेल, कारण पेटी हीच अशी त्याची खात्री.

हर्षित त्याच घरात वाढला. संदेशने स्वतः फोटो काढला. सहदेव त्या घरी जेवले होते. देवेशने कुठलाच फोटो पाहिला नव्हता. आणि रखमाबाईला पोलिसांनी बाप्या आला का एवढंच विचारलं होतं. लग्नाच्या तारखा सांगायला बायका त्या घरात रोज जात-येत असत. बाईकडे तिने पाहिलं असेल तरी तिची दखल घेतली नसेल.

वल्लरीने फोन काढला आणि त्या संध्याकाळचा प्रीतीचा निरोप शोधला. त्या वेळी तिने तो अर्धवट वाचला होता. 'ताई, पहिल्या परिच्छेदात डाव्या हाताला आहे तिथे उजव्या हाताला कर ना. प्लीज. अर्जंट.'

अंक कोणाच्या हातात पडला नव्हता. सरळ फोटोचं पान प्रीतीला कोणी पाठवलं नव्हतं. मग पेटी उजवीकडे आहे, हे तिला त्या दुपारी कुठून कळलं?

तिने वर्ग तिथेच सोडला आणि अक्षदाला फोन लावला.

"मी वकिलांबरोबर कोर्टात आहे," अक्षदा म्हणाली. "आजीची काळजी नको. मघाशीच नर्सचा फोन होता, आजीची बोटं हलली म्हणे. प्रीती मॅडम आहेत ना जवळ. एकट्याच आहेत, पण आहेत."

५

मोठागावच्या पुलावरून गाडी सुसाट सुटली आणि कशेळीला येऊन अडकली. पुढे कंटेनरची रांग. वल्लरीने हॉस्पिटलच्या फोनवर मजल्यावरची नर्स मागितली आणि म्हणाली, "मी पोहोचेपर्यंत त्या पेशंटच्या खोलीतून बाहेर जाऊ नका. काहीही कारण सांगा, पण थांबा." नर्सने 'का' विचारलं. 'आल्यावर सांगते' म्हणून वल्लरीने फोन ठेवला. सहदेवांना तिने सगळं सांगितलं. पोलिसांना घेऊन येतो, एवढंच ते म्हणाले.

ती पोहोचली तेव्हा नर्स कोपऱ्यात सलाइनच्या बाटल्या उगाच पुसत होती. प्रीती खाटेशेजारी स्टुलावर बसली होती. तिच्या हातात आवडाबाईंचा हात होता. तो ती सोडतही नव्हती आणि नीट धरतही नव्हती.

"ताई, तू?" प्रीती म्हणाली.

"बाहेर ये."

"इथेच बोल."

वल्लरी खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसली. आवाज चढू न देता तिने विचारलं, "डाव्याचं उजवं का करायला सांगितलंस?"

प्रीती म्हणाली, "चुकलं होतं म्हणून."

"चुकलंय हे तुला कोणी सांगितलं? मी तुला पाठवलेल्या पानावर पेटी डावीकडेच होती. मी फोटो उलटवला होता, प्रीती. खरी पेटी उजवीकडे आहे हे त्या खोलीत गेल्याशिवाय कळत नाही."

"उलटवला होतास?" प्रीतीने असं विचारलं, जणू बाकी सगळं तिला आधीच माहीत होतं आणि एवढंच नवीन होतं. "का?"

"नजर पानाबाहेर जात होती."

प्रीतीने मान खाली घातली. बोलायला लागली तेव्हा ती वल्लरीशी बोलत होती की खाटेवरच्या म्हातारीशी, ते कळत नव्हतं.

"कोलशेतला एका लग्नात ऐकलेलं मी ते. फोनवर रेकॉर्ड केलं. मला वाटलं, कोणाचं नसतंच असलं गाणं. देवेशला माझं म्हणून दिलं. मग पिक्चर आला. आणि सहदेव सरांनी नेमका यांच्यावरचा लेख मलाच दिला. फोनवर मुलाखत घेताना यांनी तेच गाऊन दाखवलं, शब्दन् शब्द. म्हणाल्या, आयेच्या आवाजात कॅसेट आहे, पेटीत. मी लेखात त्यातलं काही घातलं नाही. पण या सगळ्यांना सांगतच होत्या."

"म्हणून गेलीस."

"दार उघडं होतं. घरात कोणी नव्हतं. मला फक्त कॅसेट घ्यायची होती, ताई. पेटीत ती नव्हती, मग गोधड्या उसवल्या. तेवढ्यात या मागून आल्या. ओरडल्या नाहीत. सरळ जाऊन दुसऱ्या पेटीवर बसल्या, कडी धरून. तेव्हा मला कळलं, पेटी ती आहे आणि लेखात मी ही फोडलेली लिहिलीय." तिने ओठ दाबले. "मी त्यांना उठवायला गेले. ओढलं. त्या सोडेनात. मग ढकललं."

"आणि पोराला आत जाऊ दिलंस."

"रोज इथे येते मी. जाग्या झाल्या तर मी संपले. नाही झाल्या तर त्याहून संपले. रोज दारातून आत येताना मला कळत नाही, मी काय मागतेय."

कोपऱ्यातली नर्स हातातली बाटली तशीच धरून उभी होती. कॉरिडॉरमध्ये बुटांचे आवाज आले, सोबत सहदेवांची काठी. प्रीती उठली. आवडाबाईंचा हात तिने चादरीवर ठेवला आणि दार उघडायच्या आत स्वतःच बाहेर गेली.

६

आवडाबाई बोलायला लागल्या त्याला आणखी आठवडा गेला. त्याआधीच हर्षित सुटून आला होता. तो आजीच्या पायाशी बसून राहायचा. घराचा विषय त्याने काढला नाही आणि तिनेही काढला नाही.

आवडाबाईंना घरी आणल्यावर वल्लरी आणि सहदेव भेटायला गेले. हर्षितने कुठूनतरी जुना टेपरेकॉर्डर मिळवला होता. सगळे देव्हाऱ्यासमोर बसले. रखमाबाईही सूप बाजूला ठेवून आली. फीत आधी खरखरली, मग कुणीतरी खोकललं, आणि एका बाईचा जाड, न घाबरणारा आवाज खोलीभर झाला. देवेशचं गाणं ज्यांना पाठ होतं त्यांना पहिल्या ओळीतच कळलं. पण तिथे जे तीन कडव्यांत संपायचं, ते इथे चालूच राहिलं.

वल्लरीने न राहवून विचारलं, "आजी, प्रीतीला तुम्ही माफ कराल?"

आवडाबाईंची जीभ अजून जड होती. शब्द एकेक करून यायचे. "तिना इचारला असता तं शिकवला असता. बसवून शिकवला असता. गाना न्यायाला येतान, त्याचा माना काय नाय." त्या थांबल्या. "पन माझा पोर त्यांनी नेला. ता ती बघत बसली. नाय. माफ नाय."

सहदेवांनी चष्मा काढून पुसला.

फीत मधेच अडकली. हर्षितने बटणं दाबून पाहिली, कॅसेट काढून झटकली, पुन्हा घातली. पुढचा भाग इतका झिजला होता की आवाजाऐवजी नुसता वारा ऐकू येत होता. वल्लरीला वाटलं, संपलं. आवडाबाईंनी डोळे मिटले आणि आवाज जिथे तुटला होता तिथून पुढचं कडवं म्हणायला लागल्या. सूर कापत होता, एक ओळ घसरली, ती त्यांनी मागे जाऊन नीट केली.

अक्षदा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. लग्न होऊन आली तेव्हापासून तिने धवल्यांत कधी लक्ष घातलं नव्हतं. ऑफिस, घर, आणि आता ही धावपळ. कडवं संपलं तशी ती पुढे येऊन आजीजवळ मांडी घालून बसली.

"आजी, परत सांगा," ती म्हणाली. "हळू. मी म्हणते तुमच्या मागून."

"पयल्यापासून?"

"हो, पहिल्यापासून."

आवडाबाईंनी पाण्याचा एक घोट घेतला आणि पहिली ओळ धरली.